अपक्षासाठी कलम, तेही एकाच्याच नावाचं

7 डिसेंबर 2025 ला अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या निवड समितीने प्लेऑफचे, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या बाद फेरीचे, 12 संघ जाहीर केले आणि त्यात नोटर डेम विद्यापीठाचं नाव नव्हतं. या संघाने हंगामातले बारापैकी दहा सामने जिंकले होते, तेही सलग, आणि त्यातला प्रत्येक किमान दहा गुणांच्या फरकाने. समितीच्या स्वतःच्या क्रमवारीत संघ अकरावा होता. बारा जागा, अकरावा नंबर, तरी बाहेर. कारण बारापैकी पाच जागा कॉन्फरन्सच्या, म्हणजे संघांच्या गटांच्या, विजेत्यांपैकी क्रमवारीत वरच्या पाचांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. त्या वाटेने विसाव्या क्रमांकाचं टुलेन आणि चोविसाव्या क्रमांकाचं जेम्स मॅडिसन आत आलं. नोटर डेमने मग प्लेऑफबाहेरच्या संघांसाठी असणाऱ्या 'बोल' सामन्याचं आमंत्रणही झिडकारलं आणि हंगाम तिथेच गुंडाळला.

त्यानंतरचा गदारोळ अजून शमलेला नाही. एका बाजूचं म्हणणं, नोटर डेमवर घोर अन्याय झाला. दुसरी बाजू म्हणते, बरं झालं. कुठल्याच कॉन्फरन्सचं बंधन नको आणि पंगतीत पहिलं पान मात्र हवं, हे चालायचं नाही. मला दोन्ही पटत नाही. नोटर डेमचं नशीब वाईट होतं, पण अन्याय झाला नाही. त्यांनी मुकाट्याने एखाद्या कॉन्फरन्समध्ये जावं हा सल्लाही चुकीचाच आहे. आणि या भांडणात ज्यावर बोलायला हवं ते बाजूलाच राहिलंय: 2026 पासून लागू होणारं एक कलम, जे अपक्ष संघांना नाही, एका अपक्ष संघाला संरक्षण देतं.

हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालून खेळायचा. ज्यांची मुलं पर्ड्यू, इलिनॉय किंवा मिशिगनला शिकतात त्या मराठी आईबापांना तो खेळ म्हणून नसेल, पण शनिवारची वाहतूक कोंडी म्हणून नक्की ठाऊक असतो. कॉलेजचे संघ दहा-दहा, सोळा-सोळा, आता तर अठरा-अठराच्या गटांत बांधलेले असतात. हा गट म्हणजे कॉन्फरन्स. आपसातले सामने कॉन्फरन्स ठरवते, टीव्हीचे हक्क कॉन्फरन्स विकते, पैसा सगळ्यांत वाटला जातो. जो संघ कुठल्याही कॉन्फरन्समध्ये नाही तो अपक्ष. आपले सामने त्याने स्वतः ठरवायचे, टीव्हीवाले स्वतः शोधायचे. 2025 च्या हंगामात सर्वोच्च श्रेणीतल्या 136 संघांपैकी असे फक्त दोनच उरले होते. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचं नोटर डेम आणि कनेटिकट राज्याचं विद्यापीठ, ज्याला सगळे यूकॉन म्हणतात.

आपल्या निवडणुकांत अपक्ष दोन तऱ्हेचे असतात. एकाच्या घरी साखर कारखाना आणि बँक असते, त्याला पक्षाची गरज नसते, उलट पक्षच त्याच्या दारात येतात. दुसऱ्याला तिकीट मिळालेलं नसतं. मतपत्रिकेवर दोघांच्या नावापुढे एकच शब्द. नोटर डेम पहिल्या जातीचं आणि यूकॉन दुसऱ्या.

गंमत अशी, की नोटर डेमची सुरुवातही तिकीट नाकारलं गेल्यापासूनच झाली. होली क्रॉस या कॅथलिक धर्मसंघाच्या धर्मगुरूंनी 1842 मध्ये काढलेलं हे कॉलेज आजच्या बिग टेन कॉन्फरन्सचं दार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वारंवार ठोठावत होतं आणि दार उघडत नव्हतं. मिशिगनचा कोच फील्डिंग योस्ट हा आडवा येणाऱ्यांत पुढे. शैक्षणिक दर्जा, खेळाडूंची पात्रता अशी कारणं दिली जात, पण कॅथलिकांविषयीचा आकसही त्यात होता. 1909 नंतर मिशिगन नोटर डेमशी खेळलं ते थेट 1942 मध्ये. शेजारी खेळायला तयार नाहीत म्हटल्यावर नोटर डेमने गाडी पकडली. 1913 मध्ये ते न्यूयॉर्क राज्यात जाऊन सैनिकी अकादमीच्या 'आर्मी' संघाला 35-13 ने हरवून आले. 1926 पासून पार लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया, म्हणजे यूएससीशी, दरवर्षीची लढत सुरू झाली. या भटकंतीतून देशभरातल्या आयरिश, इटालियन, पोलिश स्थलांतरितांना एक संघ मिळाला. त्यांच्यातले बहुतेक कॉलेजचं तोंडही न पाहिलेले. पण कॅथलिक मुलं प्रोटेस्टंट कॉलेजांना हरवतात हे त्यांना पुरे होतं.

पुढे नाइलाजाचं वैभव झालं. 1991 पासून घरचे सामने एकटी एनबीसी ही टीव्ही वाहिनी दाखवते. 1999 मध्ये बिग टेननेच आमंत्रण पाठवलं, तेव्हा विश्वस्तांनी ते नाकारलं. 2013 पासून बाकीचे बहुतेक खेळ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसीसीमध्ये, आणि फुटबॉल मात्र मोकळा. बदल्यात एसीसीच्या संघांशी वर्षाला साधारण पाच सामने. कॉन्फरन्सचं घर हवं, पण ओसरीपुरतं. 2020 च्या कोविडच्या हंगामात एकदाच ते फुटबॉलमध्येही पूर्ण वेळ एसीसीचे झाले. वर्ष सरल्यावर पुन्हा मोकळे.

आता 2025 चा हंगाम. पहिला सामना मायामीत, 27-24 ने हार. दुसरा घरच्या मैदानावर टेक्सास ए अँड एमशी. हा सामना नीट पाहायला हवा, कारण डिसेंबरमधला सगळा तमाशा त्यातल्या एका सेकंदावर उभा आहे. सामना संपायला तीन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा नोटर डेमने टचडाउन करून, म्हणजे चेंडू समोरच्याच्या सीमेपार नेऊन सहा गुण मिळवून, 40-34 अशी आघाडी घेतली. टचडाउननंतर खांबांमधून किक मारायची असते, तिचा एक जादा गुण. कॉलेजच्या पातळीवर ही किक म्हणजे सही-शिक्का, चुकतच नाही म्हणा ना. एक जण मागे चेंडू फेकतो, दुसरा गुडघा टेकून तो पकडतो आणि जमिनीवर उभा धरतो, तिसरा मारतो. त्या रात्री चेंडू धरणाऱ्याच्या हातून निसटला. किक झालीच नाही. मग 13 सेकंद उरले असताना, चौथ्या म्हणजे शेवटच्या प्रयत्नात ए अँड एमने टचडाउन केला, त्यांची किक खांबांमधून गेली आणि फलक 41-40 वर थांबला. नोटर डेमची किक लागली असती तर सामना जादा वेळेत गेला असता. तिथे काय झालं असतं कोण सांगणार. पण दोन पराभव आणि एक पराभव यांतलं अंतर त्या निसटलेल्या चेंडूएवढं होतं.

याला मी अन्याय म्हणत नाही. बारा सामन्यांच्या हंगामात पहिले दोन हरलात, तेही नेमके त्या दोघांशी ज्यांच्याशी पुढे तुमची तुलना होणार, तर उरलेल्या दहांनी ते पुसून निघेलच असं नाही. कारण त्या दहांत पर्ड्यू, आर्कान्सा, बोस्टन कॉलेज, स्टॅनफर्ड असे त्या वर्षी पार ढेपाळलेले संघ होते. कॉन्फरन्समधला संघ म्हणू शकतो, वेळापत्रक आमच्या हातात नव्हतं. अपक्षाला ते म्हणता येत नाही. निवडायचा हक्क त्याचा, मग निवड फसली तर तोही हिशेब त्याचाच. (आर्कान्साची तारीख वर्षानुवर्षं आधी ठरते, तेव्हा ते इतके गाळात जातील हे कोणाला माहीत, हे मान्य. पण हा धोकाही स्वातंत्र्याच्या किमतीत धरलेलाच असतो.)

समितीने ज्या पद्धतीने निकाल लावला ती पद्धत मात्र लाजिरवाणी होती. टेक्सासमधल्या ग्रेपवाइन गावच्या एका हॉटेलात ही मंडळी बसतात आणि नोव्हेंबरपासून दर मंगळवारी ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर ताजी क्रमवारी सांगतात. 4 नोव्हेंबरच्या पहिल्या यादीत नोटर डेम दहावं आणि मायामी अठरावं. मायामीने ऑगस्टमध्ये नोटर डेमला हरवलेलं होतं, हे तेव्हाही खरंच होतं. पण समितीचं म्हणणं, दोन संघ क्रमवारीत लांब असतील तर आपसातला सामना बघायचा नसतो. आठवड्यामागून आठवडे मायामी वर सरकत राहिलं. शेवटून दुसऱ्या यादीत नोटर डेम दहावं, ब्रिगम यंग अकरावं, मायामी बारावं. शेवटच्या आठवड्यात नोटर डेम खेळलं नाही, मायामीही खेळलं नाही. मध्ये बसलेलं ब्रिगम यंग टेक्सास टेककडून 34-7 ने हरून खाली घसरलं, मग दोघे शेजारी आले, आणि ऑगस्टमधला सामना समितीला डिसेंबरमध्ये आठवला. मायामी दहावं, नोटर डेम अकरावं. त्याच शनिवारी अलाबामा जॉर्जियाकडून 28-7 ने सपाटून हरलं, त्याचा मात्र केसही वाकडा झाला नाही. नववं होतं, नववंच राहिलं.

मायामीला वर ठेवणं बरोबरच होतं. दोघांचे दोन-दोन पराभव, आणि एकाने दुसऱ्याला मैदानात हरवलेलं. याहून सोपा निवाडा कुठला? पण तो पहिल्याच यादीत करायला कोणी अडवलं होतं? पाच आठवडे एका संघाला आत दाखवायचं आणि घरी बसलेला असताना बाहेर काढायचं, हे मंगळवारच्या कार्यक्रमाला मालिकेसारखे भाग हवेत म्हणून होतं, दुसरं कारण मला दिसत नाही. यात कारस्थान बिरस्थान काही नाही. साप्ताहिक क्रमवारी हाच विकायचा माल आहे. ती बंद करा, एकदाच डिसेंबरमध्ये यादी काढा, निम्मी भांडणं आपोआप मिटतील.

नोटर डेमचा राग मात्र समितीपेक्षा एसीसीवर जास्त निघाला. शेवटच्या आठवड्यांत एसीसीने उघडपणे मायामीची तळी उचलली, स्वतःच्या वाहिनीवर तो ऑगस्टचा सामना पुन्हा पुन्हा दाखवला. नोटर डेमचे क्रीडा संचालक पीट बेवाक्वा यांनी संबंधांना कायमची इजा झाल्याचं जाहीरपणे सांगितलं. मला हे वाचून हसू आलं. मायामी फुटबॉलमध्ये एसीसीचं पूर्ण सभासद आहे आणि नोटर डेम नाही. सभासदाची बाजू न घेता ओसरीवरच्या पाहुण्याची घ्यावी, अशी अपेक्षा कुठल्या हिशेबाने?

आता दुसरा अपक्ष. यूकॉनचा हंगाम राष्ट्रीय चर्चेत जवळजवळ आलाच नाही, आणि तरी तो मला जास्त मोलाचा वाटतो. बारापैकी नऊ विजय. हरलेले तीनही सामने जादा वेळेत गेलेले: सिराक्यूस, डेलावेअर, राइस. बोस्टन कॉलेजला 38-23 ने हरवलं. 8 नोव्हेंबरला ड्यूकला 37-34 ने हरवलं, आणि हेच ड्यूक महिन्याभरात एसीसीचं विजेतं झालं. म्हणजे ज्या एसीसीत या संघाला कोणी विचारत नाही, तिच्या त्या वर्षीच्या विजेत्याला याने घरच्या मैदानावर पाणी पाजलं.

हा संघ अपक्ष झाला तो हौसेने नाही. यूकॉन हे बास्केटबॉलचं गाव. पुरुषांची सहा राष्ट्रीय विजेतेपदं, महिलांची बारा. 2013 नंतर ते अमेरिकन अ‍ॅथलेटिक नावाच्या कॉन्फरन्समध्ये अडकले, जिथे शेजारी म्हणजे फ्लोरिडा, टेक्सास, ओक्लाहोमा. क्रीडा विभागाची तूट वर्षाला चार कोटी डॉलरच्या घरात गेली. शेवटी 1.7 कोटी डॉलर भरून ते बास्केटबॉलच्या जुन्या बिग ईस्टमध्ये परतले. बिग ईस्टमध्ये फुटबॉल नाही आणि जुनी कॉन्फरन्स एकट्या फुटबॉलला ठेवून घ्यायला तयार नव्हती. मग 2020 पासून फुटबॉल अपक्ष. पहिलाच हंगाम कोविडमुळे त्यांनी रद्द केला, या श्रेणीत असं करणारा तो पहिला संघ. 2021 मध्ये बारापैकी एक विजय. सप्टेंबरमध्येच कोच पद सोडून गेला. संघ बंद करा, हे तेव्हा उघड बोललं जायचं.

आणि अपक्षाचं वेळापत्रक म्हणजे काय हे यूकॉनकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. सप्टेंबरमध्ये प्रतिस्पर्धी मिळतात, कारण सगळ्या कॉन्फरन्स तेव्हा बाहेरचे सामने खेळतात. ऑक्टोबर उजाडला की जो तो आपापल्या गटात, दार बंद. मग कुणाचा एखादा आठवडा मोकळा आहे का ते शोधत फिरायचं. मोठ्या कॉलेजच्या मैदानावर पैसे घेऊन मार खायला जायचं, लहानांना आपल्याकडे पैसे देऊन बोलवायचं. घरचं मैदानही घरचं नाही. विद्यार्थी राहतात स्टॉर्समध्ये आणि राज्य सरकारच्या मालकीचं स्टेडियम तिथून तीसेक किलोमीटरवर ईस्ट हार्टफर्डमध्ये. या सगळ्यातून जिम मोरा या कोचने 2024 मध्ये नऊ विजय काढले, त्यातला शेवटचा बोस्टनच्या फेनवे पार्कवर नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध. 2025 मध्ये पुन्हा नऊ. हंगाम संपता संपता मोरा कोलोरॅडो स्टेटला निघून गेला आणि बोल सामन्यात उरलेला संघ आर्मीकडून हरला. नऊ विजयांचा कोच टिकवून धरायलासुद्धा अपक्षाकडे दाखवायला काही नसतं. विजेतेपद नाही, कारण गटच नाही. प्लेऑफ जवळजवळ अशक्य.

म्हणून 'कॉन्फरन्समध्ये जा' हा सल्ला मला पोकळ वाटतो. यूकॉनला कोणी घेत नाही. आणि नोटर डेमने जायचं ते कशात? 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही हक्कांवरची एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेची मक्तेदारी मोडली आणि तेव्हापासून कॉन्फरन्स हळूहळू टीव्हीचे करार होत गेल्या. पूर्वी तिचा अर्थ बसने जाण्याच्या अंतरावरचे शेजारी असा होता. आज लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं न्यू जर्सीच्या रटगर्सबरोबर बिग टेनमध्ये आहेत आणि पॅसिफिकच्या काठावरची स्टॅनफर्ड आणि बर्कली 'अटलांटिक कोस्ट'मध्ये. शंभर वर्षांहून जुनी पॅक-12 2024 च्या उन्हाळ्यात फुटली, मागे दोनच संघ राहिले. ज्या संस्था स्वतःच्या सभासदांना असं वाऱ्यावर सोडतात त्यांच्यात न जाण्याला मी हेकटपणा म्हणणार नाही. जाणाऱ्यांनी काय गमावलं तेही दिसतंय. यूएससी बिग टेनमध्ये गेलं, तिथे गटातलेच नऊ सामने, आणि 1926 साली सुरू झालेली नोटर डेमची लढत 2026 मध्ये होणार नाही. देशाच्या दोन टोकांना जोडणारा सामना अपक्षामुळे जन्मला होता, कॉन्फरन्सच्या वेळापत्रकात तो बसेना.

तेव्हा अपक्षांना जागा असावीच. प्रश्न ती कशी, हा. आणि इथे ते कलम येतं.

2024 च्या वसंतात दहा कॉन्फरन्स आणि नोटर डेम यांनी प्लेऑफच्या पुढच्या कराराचा मसुदा ठरवला. 2026 पासून नोटर डेम क्रमवारीत पहिल्या बारांत असेल तर त्याला प्लेऑफची जागा नक्की. मोठ्या चार कॉन्फरन्सच्या विजेत्यांनाही नक्की, मग त्यांचा क्रमांक काहीही असो. प्लेऑफचा कारभार पाहणाऱ्या समितीत दहा कॉन्फरन्सचे आयुक्त आणि अकरावे नोटर डेमचे क्रीडा संचालक बसतात. यूकॉनची खुर्ची तिथे नाही. त्यामुळे यूकॉनसाठी कलमही नाही.

हे नियम 2025 च्या निकालावर लावून बघा. नोटर डेम अकरावं, म्हणजे आत. त्याच्यासाठी जागा करायला बाहेर कोण जातं? मायामी. ज्याने नोटर डेमला मैदानात हरवलं तेच. आणि प्रत्यक्षात हे मायामी प्लेऑफमध्ये एकेक दिग्गज पाडत थेट अंतिम सामन्यात पोचलं आणि तिथे इंडियानाकडून 27-21 ने हरलं. पुढे बघा. आठ विजय आणि पाच पराभवांचं ड्यूक एसीसीचं विजेतं म्हणून आत. बाहेर जेम्स मॅडिसन. आणि ड्यूकला हरवणारं यूकॉन? त्याचा उल्लेखही नाही. समजा यूकॉनने उद्या बारापैकी बारा जिंकले आणि समितीने त्याला अकरावं ठेवलं, तर त्याची अवस्था 2025 च्या नोटर डेमसारखीच होईल, फक्त ओरडायला एनबीसी नसेल.

नोटर डेमचे पाठीराखे म्हणतात, कॉन्फरन्सचे विजेते राखीव जागा घेतात, आम्हाला तो रस्ताच बंद आहे, मग आम्हाला काहीतरी भरपाई नको का? मुद्दा रास्त आहे. 2024 मध्ये तर पहिल्या फेरीत पुढे चाल फक्त कॉन्फरन्स विजेत्यांनाच मिळे. नोटर डेम पहिलं आलं असतं तरी मिळाली नसती. पण भरपाई अपक्ष असण्याची असेल तर ती अपक्ष असणाऱ्या प्रत्येकाला हवी. ती एका नावाला दिली की भरपाई राहत नाही, ती वतनदारी होते. आणि वतन मिळालं की स्वातंत्र्याचा जो एकच नैतिक आधार होता, म्हणजे आम्ही आमची किंमत आमच्या खिशातून मोजतो, तोही जातो. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांनी आज दाराची किल्ली घ्यावी आणि मागे उभ्या असलेल्या दुसऱ्यासाठी दार ओढून घ्यावं, हे मला त्या इतिहासाशी बेइमानीचं वाटतं.

उपाय अवघड नाही. राखीव जागा कमी करा, निदान पहिल्या पंधरात नसलेल्या विजेत्याला राखीव जागा नको. मग अपक्षांसाठी वेगळं कलम लागणारच नाही. ते कॉन्फरन्सवाल्यांना मान्य होणार नाही, हे उघड आहे. मग निदान कलमातली 'नोटर डेम' ही अक्षरं काढून तिथे 'कोणत्याही कॉन्फरन्सचा सभासद नसलेला संघ' एवढं घाला. यूकॉन पुढच्या दहा वर्षांत एकदाही पहिल्या बारांत येणार नाही, असं ज्यांना वाटतं त्यांचं त्यात काहीच जात नाही. नोटर डेमचंही जात नाही. ही दुरुस्ती मांडायची तर त्या टेबलावर बसलेल्या एकमेव अपक्षानेच मांडायला हवी. आजवर बेवाक्वा यांनी ती मांडल्याचं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.